वाट चुकलेली ठिणगी

वसुबारस चार दिवसांवर आली की पुण्याच्या रविवार पेठेतल्या शेगडी-दुरुस्तीच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. शेगड्या स्कूटरवर पायांशी उभ्या करून, रिक्षात मांडीवर घेऊन, नाहीतर जुन्या चादरीत गाठोडं बांधून येतात. आत एका अंगाला पितळी बर्नरचा ढीग, वर तारेत ओवून टांगलेली बटणं, खाली तेलकट फरशीवर पालथ्या घातलेल्या शेगड्या. घरोघरी तळणीची तयारी सुरू होते आणि शेगडीला नेमकं तेव्हाच काहीतरी होतं.

एक बाई तीन बर्नरची काचेची शेगडी पुढे सरकवतात. तक्रार एका वाक्याची: “मधला पेटत नाही, नुसतं टकटक करतो.” कारागीर मान वर न करता बर्नर उचलतो, शेजारची बोटभर पांढरी कांडी कोरड्या फडक्याने पुसतो, बर्नर परत ठेवतो आणि थोडा फिरवून खाचेत बसवतो. मग तळहाताचा आडोसा करून बटण दाबतो. कांडीच्या टोकावरून बर्नरवर एक निळसर रेघ उडी घेते. “झालं, ताई. बर्नर खाचेत बसला नव्हता.” बाई सहकारनगरहून आलेल्या. जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं त्या मनातल्या मनात मोजत असाव्यात, कारण चेहऱ्यावर आनंदापेक्षा चीड जास्त दिसते.

‘घरातली दुरुस्ती’ हा या अंकाचा विषय ठरल्यावर स्वयंपाकघरातली सगळ्यात दुर्लक्षित दुरुस्ती कोणती, हा शोध या गाळ्यापाशी येऊन थांबला. चार पैसे जास्त मोजून ऑटो-इग्निशनची शेगडी घेतली जाते. काही दिवसांनी तिचा खटका चालेनासा होतो. त्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही; खिळ्याला एक लायटर टांगला जातो आणि पुढची सगळी वर्षं ती महागाची शेगडी साध्या शेगडीसारखी वापरली जाते. प्रत्यक्षात यातले कितीतरी बिघाड घरच्या माणसाने, कोरड्या फडक्याने आणि थोड्या सवडीने निघण्यासारखे असतात.

दीड व्होल्टचे दहा हजार

बटणातून ठिणगी पाडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत सेल लागत नाही. बटणामागे स्प्रिंगवर ताणलेली छोटी हातोडी असते. बटण ठरावीक कोनापर्यंत फिरलं की ती सुटते आणि सिरॅमिकच्या एका इवल्या तुकड्यावर आदळते. ‘टक’ असा एकच ठसठशीत आवाज येतो, तो या आदळण्याचा. चेपला गेलेला तो तुकडा क्षणभर हजारो व्होल्ट निर्माण करतो. ओट्यावरचा लायटरही हेच करतो. त्यातली हातोडी अंगठ्याने सोडायची, एवढाच फरक.

काही स्फटिक चेपले की वीज देतात, हे पॅरिसमध्ये १८८० साली जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवलं. पिएर तेव्हा २१ वर्षांचे होते. पुढे मेरी क्यूरींनी युरेनियमच्या किरणांची मोजणी केली, तीही या भावांच्या क्वार्ट्झच्या उपकरणाच्या मदतीने. स्वयंपाकघरात मात्र क्वार्ट्झ पोचलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला लेड झिर्कोनेट टायटनेट नावाचं सिरॅमिक तयार झालं. त्याच दाबाला ते क्वार्ट्झपेक्षा कितीतरी जास्त वीज देतं, म्हणून लायटरसाठी ते सोयीचं ठरलं. नावातलं ‘लेड’ म्हणजे शिसं. बिघडलेला लायटर फोडून आत काय आहे ते बघायला मुलांच्या हाती देण्याची पद्धत त्यामुळे बंद केलेली बरी.

दुसरी तऱ्हा सेलची. शेगडीच्या पोटाखाली एक खण असतो आणि त्यात दीड व्होल्टचा सेल. बटण दाबलं की त्यामागचा छोटा स्विच जोडला जातो. सेलला जोडलेल्या डबीतलं सर्किट दीड व्होल्टचे दहा हजारांच्या पुढे व्होल्ट करतं आणि ते सेकंदाला काही वेळा कांडीकडे सोडतं. इथला आवाज म्हणून सलग येतो, टकटकटकटक. ओट्यात बसवलेल्या हॉबमध्ये सेलऐवजी घरची वीजही वापरतात.

एवढे व्होल्ट लागतात, कारण हवा सहजासहजी वीज जाऊ देत नाही. एक मिलीमीटर कोरडी हवा भेदायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात आणि कांडीचं टोक बर्नरपासून तीन ते पाच मिलीमीटरवर असतं. अंतर वाढलं की ठिणगी पडत नाही. फार घटलं की पडते, पण इतकी आखूड की गॅस तिच्या वाटेत येतच नाही. खुद्द गॅस पेटायला ऊर्जा नगण्य लागते. प्रोपेन आणि हवेचं योग्य मिश्रण मिलिज्यूलच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या ऊर्जेने पेट घेतं. त्यामुळे सेल जुना नसेल, तर ‘ठिणगीत दम नाही’ हे निदान बहुधा चुकीचं असतं. दम असतो, ठिणगी वाट चुकलेली असते. कुठेतरी तिला हवेपेक्षा सोपा रस्ता मिळालेला असतो.

पिन मारणारी पिढी

रॉकेलच्या पंपाचा स्टोव्ह आठवणारी माणसं अजून घराघरांत आहेत. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली प्रायमस बनवला आणि पुढची कित्येक दशकं त्या जातीच्या स्टोव्हच्या घरघरीने इथल्या चाळींमधली सकाळ सुरू झाली. त्या स्टोव्हला नाजूक पत्र्याची पिन लागायची. ज्योत वाकडी झाली की नोझलमध्ये पिन मारायची. पंप हवा धरेनासा झाला की आतलं चामडी वॉशर काढून तेलात भिजवायचं, कडा बोटांनी पसरवायच्या आणि परत बसवायचं. हे काम घरातल्या बाईला नाहीतर शाळकरी पोरालाही यायचं, त्यासाठी कुणाला बोलवावं लागत नसे. त्या स्टोव्हचे गोडवे गाण्याचं कारण नाही, त्याच्या भडक्यात माणसं भाजली आहेत. पण ज्या यंत्रावर रोज दोन वेळचं अन्न शिजतं, त्याच्या आत काय आहे हे घराला माहीत होतं.

मग गॅस आला. मुंबईत १९५५ साली बर्मा शेलने ‘बर्शेन’ या नावाने सिलिंडरचा गॅस आणला, १९६५ साली कलकत्त्यात इंडेनची पहिली जोडणी दिली गेली. गॅसबरोबर एक ताकीदही आली, हात लावू नका. ताकीद योग्यच होती. पण ती नळी, रेग्युलेटर आणि कॉक यांच्यापुरती होती. आपण ती अख्ख्या शेगडीला लावून टाकली. परिणाम असा की वॉशर बदलणाऱ्या आजीच्या नातीला बर्नरशेजारची पांढरी कांडी कशासाठी असते हे ठाऊक नसतं.

दिवा मालवून

तपासणीची सुरुवात गॅस बंद करण्यापासून. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक आडवा. थोडा वेळ खिडकी उघडी ठेवायची, वास नाही याची खात्री करायची, मगच स्वयंपाकघर अंधारं करून एकेक बटण दाबून बघायचं. गॅसशिवायची ठिणगी पुरेशी बोलकी असते आणि दिव्याच्या उजेडात न दिसणाऱ्या चुका अंधारात स्वच्छ दिसतात.

सेलवर चालणाऱ्या बऱ्याच शेगड्यांत कुठलंही बटण दाबलं तरी सगळ्या कांड्यांवर एकदम ठिणगी पडते. दोन बर्नरवर पडते आणि तिसऱ्यावर नाही, याचा अर्थ सेल आणि डबी ठणठणीत आहेत. दोष त्या एका बर्नरपाशी आहे. तो खाचेत नीट बसला आहे का, कांडी वाकली आहे का, खालून तिची वायर निसटली आहे का, एवढंच बघायचं. ठिणगीला कांडीकडून बर्नरच्या धातूत आणि तिथून शेगडीच्या अंगात परत जायचं असतं. बर्नर तिरका बसला तर हा फेरा तुटतो.

कुठेच ठिणगी नसेल तर आधी सेल. टकटक मंदावली असेल तरीही सेलच. महिनोन् महिने बंद घरात राहिलेला सेल पाझरतो आणि खणातल्या पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर चढवतो. तो पुसून, पत्रा पॉलिश पेपरने घासून नवा सेल टाकला की काम होतं. मुंबईत आणि कोकणात सेल पाझरण्याचीही गरज नसते, खाऱ्या हवेने खणातली स्प्रिंग नुसतीच गंजते.

कुणी हात न लावता शेगडी टकटकत राहिली तर घरात घबराट होते. मध्यरात्री हा आवाज सुरू झाला तर होणारच. कारण बहुधा साधं असतं: बटणाखाली पाणी गेलेलं असतं आणि ओला स्विच दाबल्यासारखा वागतो. सेल काढायचा, बटण सरळ वर ओढून काढायचं, आत कोरडं फडकं फिरवायचं आणि पंख्याखाली वाळू द्यायचं. हॉब घरच्या विजेवर असेल तर आधी प्लग काढायचा. आत हात घालायच्या सगळ्याच कामांना हा नियम लागू आहे. सेलच्या शेगडीची ठिणगी बोटाला लागली तर झटका बसतो, ऊर्जा थोडी असल्याने फारसं काही होत नाही. तरी मुद्दाम अनुभव घेण्यासारखा तो नाही.

आता कांडीकडे जवळून बघायचं. ती चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या सिरॅमिकची असते, मधून धातूची तार जाते आणि वर तिचं टोक उघडं राहतं. सिरॅमिकचं काम एकच, तारेतली वीज टोकापर्यंत पोचण्याआधी कुठे निसटू न देणं. गाळ्यातल्या कारागिराने एक काढून ठेवलेली कांडी उजेडाकडे धरून दाखवली. लांबून ती कोरी पांढरी दिसत होती. नखाने चाचपल्यावर बुंध्यापाशी केसाएवढी रेघ लागली आणि त्या रेघेत तपकिरी डाग मुरलेला होता. ठिणगी इथूनच पत्र्यात उतरायची, टोकापर्यंत पोचतच नव्हती. अंधारात बघितलं असतं तर खाली, बर्नरपासून दूर, चमक दिसली असती. अशा कांडीला उपाय नाही, ती बदलायची. फेव्हिक्विक लावून आणलेल्या कांड्याही या गाळ्यात येतात. तो डिंक शेगडीच्या उष्णतेत टिकत नाही.

बिनसेलच्या शेगडीत ‘टक’ येतो आणि ठिणगी येत नाही, तेव्हा कांडी, वायर आणि चीर हाच शोध. ‘टक’च येत नसेल तर हातोडी किंवा स्प्रिंग गेली. तो भाग बहुधा गॅसच्या कॉकला जोडलेला असतो, तिथे घरच्या माणसाने थांबायचं.

दूध, पाक आणि घासणी

ठिणगीची वाट चुकवणारे गुन्हेगार मराठी स्वयंपाकघरात रोजचे आहेत. उतू गेलेलं दूध, कुकरच्या शिट्टीतून उडालेलं वरण, चिवड्याच्या फोडणीचं तेल, शंकरपाळ्यांसाठी उकळताना सांडलेलं साखर-दूध. हे सगळं कांडीवर पडतं, तापतं, जळतं आणि काळा थर होऊन बसतं. तो थर कार्बनचा, आणि कार्बनमधून वीज जाते. हवेत उडी मारण्याऐवजी ठिणगी त्या काळ्या थरावरून खाली घसरते. बाहेरून फक्त टकटक ऐकू येते.

सफाईने बिघाड आणखी वाढतो, ही यातली गंमत. दसऱ्यानंतर घराची झाडझूड निघते, शेगडीवर तांब्याभर साबणाचं पाणी ओतलं जातं, तारेची घासणी फिरते. ओली कांडी ठिणगी धरत नाही. तारेच्या घासणीने तिचा गुळगुळीत लेप खरवडला जातो, तारेचे कण चिकटतात, आणि एका जोरकस हाताने कांडी दोन मिलीमीटर वाकली की अंतराचा सगळा हिशेब बिघडतो. कामाला येणाऱ्या मावशींना दोष देऊन उपयोग नाही, ही पांढरी काडी जपायची असते असं त्यांना सांगितलंच कुणी? शेगडी धुतल्यावर पेटेनाशी झाली आणि दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाली, तर तो चमत्कार नसून कांडी वाळलेली असते. अशा वेळी दुकान गाठण्याआधी एक दिवस थांबणं हीच दुरुस्ती.

कांडी साफ करायची ती गार शेगडीवर, घट्ट पिळलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने. चिकट थर असेल तर ब्रशला साबणाचा थेंब पुरतो, मग कोरडं पुसायचं. वरच्या धातूच्या टोकावर काजळी असेल तर झिरो नंबरचा पॉलिश पेपर दोनदा हलकेच फिरवायचा. कांडी वाकली असेल तर सिरॅमिकला धरून सरळ करू नये, ते मोडतं.

बर्नरची गोष्ट वेगळी, तो उचलून धुता येतो. गरम पाण्यात साबण टाकून भिजवायचा, पितळ काळं पडलं असेल तर चिंच आहेच. संडास साफ करायचं ॲसिड अनेक घरांत वापरतात, ते पितळ खातं आणि त्याच्या वाफा माणसालाही चांगल्या नाहीत. भोकं सुईने मोकळी करायची. लाकडी टूथपिक आत मोडली की ती काढण्यात दुपार जाते. मग बर्नर झटकून उन्हात ठेवायचा, पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायचा नाही. ओल्या बर्नरवर ज्योत पिवळी होते, फुरफुरते आणि काजळी धरते, म्हणजे पुन्हा कांडी काळी.

एक खुबी कारागीर सांगतात आणि ती माहितीपत्रकात सापडत नाही. ठिणगी चांगली पडते तरी बर्नर पेटत नसेल, तर तो लायटरने पेटवायचा आणि कांडीच्या समोरच्या भोकांतून ज्योत येते का ते बघायचं. बाकी सगळीकडे निळी फुलं आणि नेमकी तिथे दोन भोकं आंधळी असली, तर ठिणगीच्या वाटेवर गॅसच येत नाही. सुई त्या दोन भोकांत मारायची.

पेटतो, पण टिकत नाही

अलीकडच्या हॉबबद्दल वेगळीच तक्रार येते. ज्योत लागते, बटण सोडलं की विझते. याचं खापर लोक इग्नायटरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागावर फोडतात. तो बिचारा आपलं काम करून मोकळा झालेला असतो.

अशा बर्नरशेजारी दोन काड्या दिसतात. पांढऱ्या सिरॅमिकची ती ठिणगीची. दुसरी सबंध धातूची, ती थर्मोकपल. ज्योत वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या दुधाने विझली तर गॅस आपोआप बंद करणं हे तिचं काम. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की थोडी वीज निर्माण होते, त्यावर ती चालते. ही वीज काही मिलिव्होल्टची असते, आणि तेवढ्यावर कॉकमधली झडप उघडी राहते. म्हणून ज्योत पेटल्यावरही बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. टोकावर काजळी असेल किंवा ते ज्योतीबाहेर गेलं असेल तर झडप मिटते. टोक पुसून बघायचं. तरीही ज्योत टिकत नसेल तर मेकॅनिक. बटणात काडी अडकवून ते दाबलेलं ठेवण्याची युक्ती काही घरांत चालते. ती युक्ती म्हणजे आपल्या हाताने राखणदार निलंबित करणं.

कॉकच्या अलीकडे, कॉकच्या पलीकडे

सीमारेषा इथेच आखायची. सेल, खण, वायर, कांडी, बर्नर ही ठिणगीची बाजू, ती घरची. कॉक, नोझल, नळी, रेग्युलेटर ही गॅसची बाजू. तिथे पाना घेऊन बसू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर ओट्याखाली, फरशीलगत साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान असलं की पेट घ्यायला मघाचीच चिमूटभर ठिणगी पुरते. वास येत असेल तर ठिणगीची तपासणी करायचीच नाही, दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या हेल्पलाइनला फोन. गळती शोधायला साबणाचा फेस असतो, काडेपेटी नव्हे.

नोझलचं एक वेगळं त्रांगडं आहे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू आणि सिलिंडरचा एलपीजी यांची उष्णता सारखी नसते, म्हणून दोन्हींची नोझलं वेगळ्या भोकाची असतात. मुंबई-पुण्यात पाइपचा गॅस आल्यावर शेगडी त्याप्रमाणे बदलून घ्यावी लागते. पुढे तीच शेगडी गावी नेऊन सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते, काजळी धरते, आणि सगळे इग्नायटरला बोल लावतात.

घरची बाजू घरच्यांनी सांभाळायची म्हटलं तरी सुट्या भागांपाशी घोडं अडतं. कांडीची लांबी, पट्टी, वायरचं टोक प्रत्येक मॉडेलला वेगळं. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी क्षेत्रं घेतली. पेठेतल्या गाळ्यापर्यंत त्याची झुळूक पोचलेली दिसत नाही. तिथे अजून जुन्या शेगड्यांच्या ढिगातूनच कांडी जुळवतात, लांबी कमी पडली तर वायरला जोड देतात. जोड देताना सिलिकॉनच्या वेष्टनाचीच वायर लागते. साधी वायर लावली तर ठिणगी वाटेतच वेष्टन फोडून पत्र्यात जाते, वर शेगडीच्या तापाने ते वितळतंही. त्यामुळे दुरुस्ती करून आणलेली शेगडी घरी नेण्याआधी पालथी घालून जोड बघून घ्यायला लाजू नये.

नवी शेगडी घेताना लोक काचेवरचं नक्षीकाम निरखतात. आयएसआय चिन्हाशेजारी भारतीय मानक ४२४६ हा आकडा आहे का, हे बघावं आणि दुकानदाराला एवढं एकच विचारावं: हिची कांडी सुटी मिळते का? उत्तर ‘पूर्ण सेट बदलावा लागेल’ असं आलं तर साधी, बिनखटक्याची शेगडी आणि एक चांगला लायटर हा जास्त शहाणपणाचा सौदा आहे.

यंदा चकलीची कढई चढवण्याआधी रेग्युलेटर बंद करून, दिवा मालवून शेगडीची ठिणगी एकदा जरूर बघा. आणि दिवा लावल्यावर वाकून त्या केशरी सुरक्षा नळीवर छापलेली तारीख वाचा. तिला पाच वर्षं होऊन गेली असतील तर इग्नायटर राहू द्या. आधी गॅस एजन्सीला फोन करून नळी बदलून घ्या.